दंड नव्हे, दावा

१५ एप्रिल २०१३ रोजी बॅरी बीव्हिस यांनी इंग्लंडमधल्या चेम्सफर्ड शहरातील रिव्हरसाइड रिटेल पार्कच्या आवारात गाडी लावली. तिथे दोन तास गाडी फुकट लावता येत असे. बीव्हिस यांना निघायला ५६ मिनिटे उशीर झाला. पुढे पार्किंगआय या खासगी कंपनीचे पत्र आले : ८५ पौंड भरा, चौदा दिवसांत भरलेत तर ५० पौंडांवर भागेल. फिश अँड चिप्सचे दुकान चालवणाऱ्या बीव्हिस यांनी पैसे भरायला नकार दिला आणि कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. तो वाद केंब्रिजच्या काउंटी कोर्टातून अपील कोर्टात आणि तिथून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सातपैकी सहा न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड टूलसन यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले.

तेव्हापासून खासगी पार्किंग कंपन्यांच्या वकिलांच्या पत्रांत या निकालाचा दाखला वारंवार दिसतो. सर्वोच्च न्यायालयानेच अशी आकारणी वैध ठरवली आहे, असे वाचले की बरेच जण तिथेच हात टेकतात आणि पैसे भरून मोकळे होतात. तो निकाल नीट वाचला तर मात्र वेगळीच गोष्ट लक्षात येते. कंपनी कशाच्या बळावर जिंकली हे न्यायमूर्तींनी बारकाईने सांगून ठेवले आहे. त्या जमेच्या बाजूंपैकी एखादी तुमच्या बाबतीत नसेल, तर कंपनीने पुढे केलेला तोच निकाल तुमच्या हाती येतो. दाव्याला उत्तर देणे म्हणजे मुख्यतः ही पडताळणी करणे. ती करायला कायद्याची पदवी लागत नाही. कागद जपावे लागतात, तारखा पाळाव्या लागतात आणि खरे बोलावे लागते.

पुढे दिलेले नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधली व्यवस्था वेगळी आहे.

पत्र कोणाकडून आले आहे?

सगळ्यात आधी पत्राच्या माथ्यावरचे नाव पाहा. ब्रिटनमध्ये ‘पीसीएन’ हे एकच लघुरूप दोन निराळ्या कागदांना वापरले जाते. कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने दिलेली पेनल्टी चार्ज नोटीस कायद्याने दिलेल्या अधिकारातून येते. तिच्यामागे २००४चा ट्रॅफिक मॅनेजमेंट अॅक्ट उभा असतो आणि तिच्याविरुद्ध स्वतंत्र लवादाकडे दाद मागता येते. सुपरमार्केट, रिटेल पार्क, रुग्णालय किंवा फ्लॅटच्या आवारात खासगी कंपनीने दिलेला कागद म्हणजे पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींचे रंग आणि मांडणी इतकी सारखी असते की घाबरलेल्या माणसाला फरक कळत नाही.

खासगी कंपनीला कोणालाही दंड ठोठावण्याचा अधिकार नाही. तिचे म्हणणे एवढेच असते : जागेवर फलक होता, त्यावर अटी होत्या, तुम्ही गाडी लावलीत म्हणजे त्या अटी मान्य केल्यात, त्यातली एक मोडलीत, म्हणून ठरल्याप्रमाणे पैसे द्या. हा कराराचा दिवाणी दावा आहे. करार झाला होता, तो मोडला गेला आणि पैसे देणे लागणारी व्यक्ती तुम्हीच आहात, हे तिन्ही मुद्दे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा लावणाऱ्यावर असते.

ही व्यवस्था आजच्या रूपात २०१२ मध्ये आली. त्याआधी खासगी जागेत चुकीच्या ठिकाणी लावलेल्या गाडीच्या चाकाला लोखंडी क्लॅम्प लावून जागेवरच पैसे उकळले जात. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अॅक्टने १ ऑक्टोबर २०१२पासून त्यावर बंदी आणली. त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना एक नवा हक्क दिला : चालक कोण हे कळले नाही, तर काही अटी पाळून गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून, म्हणजे कीपरकडून, वसुली करता येईल. धारकाचे नाव आणि पत्ता डीव्हीएलए हे वाहन नोंदणी खाते कंपनीला नोंदीमागे अडीच पौंड घेऊन देते. त्यासाठी कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशन किंवा इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी यांपैकी एका संघटनेची सभासद असावी लागते.

चेम्सफर्डचे वैशिष्ट्य

इंग्लिश कायद्यात जुना नियम आहे की करार मोडणाऱ्याला धाक घालण्यासाठी लिहिलेली अवाच्या सवा रक्कम न्यायालय वसूल करून देत नाही. बीव्हिस यांचा युक्तिवाद याच नियमावर उभा होता. फुकट जागेवर तासभर जास्त थांबल्याने कंपनीचे नुकसान काय झाले? कंपनीनेही थेट नुकसान झाल्याचे म्हटले नव्हते. उलट त्या जागेवर काम करू देण्याबद्दल तीच जमीनमालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती.

न्यायालयाने कसोटीच बदलली. झालेल्या नुकसानीशी रक्कम जुळते का, एवढ्यावर न थांबता अट पाळली जाण्यात दुसऱ्या पक्षाचे काही रास्त हित आहे का आणि त्या हिताच्या मानाने रक्कम अगदीच अवास्तव आहे का, हे पाहायचे ठरले. दुकानांच्या संकुलात जागा फिरत्या राहिल्या तरच नव्या गिऱ्हाइकाला गाडी लावायला मिळते. हे हित न्यायालयाला रास्त वाटले. आवारात सुमारे वीस फलक होते, ते मोठे, ठळक आणि वाचता येण्याजोगे होते आणि ८५ पौंडांचा आकडा त्यावर स्पष्ट दिसत होता, यालाही न्यायालयाने महत्त्व दिले.

भारतात करारविषयक कायद्याचा थोडा अभ्यास झालेल्या वाचकाला इथे सावध राहावे लागेल. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ करारात लिहिलेल्या रकमेपर्यंत ‘वाजवी भरपाई’ देते, त्यामुळे ‘तुमचे नुकसान किती झाले ते दाखवा’ हा प्रश्न आपल्याला पटकन सुचतो. इंग्लंडमध्ये पार्किंगच्या दाव्यात हा बचाव २०१५पासून जवळजवळ निकामी झाला आहे. तो एकच मुद्दा घेऊन उभे राहिलात तर हराल.

उपयोगाचे प्रश्न वेगळे आहेत. तुमच्या जागेवरचे फलक चेम्सफर्डइतके ठळक होते का? आकारणीचा आकडा मोठ्या अक्षरांत होता की बारीक मजकुरात दडला होता? तिथे जागा फिरती ठेवण्याचे हित खरोखर होते का? की स्वतःच्याच फ्लॅटच्या जागेत राहणाऱ्या रहिवाशाला परवान्याचा कागद काचेवरून घसरला म्हणून पकडले? दुकानांच्या गर्दीला लागू पडणारे कारण रहिवाशाच्या हक्काच्या जागेला आपोआप लागू पडत नाही.

फलक वाचता येत होता का?

न दिसलेल्या अटीला माणूस संमती देऊ शकत नाही, हे तत्त्व पार्किंगच्याच खटल्यांतून पक्के झाले आहे. लंडनच्या शू लेनमधल्या वाहनतळावर १९६४ मध्ये एका वादकाला अपघात झाला. आत शिरताना यंत्रातून मिळालेल्या तिकिटावर बारीक अक्षरांत आतल्या अटींचा उल्लेख होता, आणि इजा झाल्यास मालक जबाबदार नाही असे त्या अटींत म्हटले होते. लॉर्ड डेनिंग यांच्या अपील कोर्टाने १९७० मध्ये सांगितले की तिकीट हातात पडले तेव्हाच करार पुरा झाला. त्यानंतर पुढे केलेली अट त्याचा भाग होऊ शकत नाही. एखादी अट जितकी जाचक, तितकी ती अधिक ठळकपणे दाखवली पाहिजे, हेही या खटल्याने अधोरेखित केले.

२००० मध्ये अपील कोर्टापुढे क्लॅम्पिंगचे एक प्रकरण आले. गाडी चालवताना बरे वाटेनासे झाल्याने एका महिलेने खासगी जागेत गाडी थांबवली होती. फलक अशा ठिकाणी होता की तो तिच्या नजरेस पडला नाही. फलक दिसणारच अशा जागी लावलेला असेल तर तो पाहिला असे सहसा धरले जाते, पण या महिलेला तो दिसला नव्हता हे पुराव्यातून पुढे आले, म्हणून तिची संमती धरता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या तत्त्वांचा उपयोग पुराव्यानिशीच होतो. पत्र मिळताच जमले तर त्या जागी पुन्हा जा. तुम्ही ज्या वेळी गाडी लावली त्याच सुमारास फोटो काढा; रात्रीची घटना असेल तर रात्रीच. प्रवेशाजवळ गाडीत बसून फलक वाचता येतो का, अक्षरांची उंची किती, झाडाच्या फांदीआड तो गेला आहे का, दिवा आहे का, हे सगळे फोटोत यायला हवे. फलक बदलले जातात, त्यामुळे वर्षभराने काढलेल्या फोटोला तेवढे वजन राहत नाही.

फलकावरची भाषाही पाहा. ‘परवानाधारकांव्यतिरिक्त कोणीही गाडी लावू नये’ एवढेच लिहिले असेल, तर परवाना नसलेल्याला तिथे गाडी लावण्याचा काही प्रस्तावच नाही. प्रस्ताव नाही तर करारही नाही, असा युक्तिवाद काउंटी कोर्टांत मान्य झालेला आहे. आणि शब्दांचे दोन अर्थ निघत असतील, तर ग्राहकाला अनुकूल अर्थ घ्यायचा, असे २०१५च्या कन्झ्युमर राइट्स अॅक्टचे कलम ६९ सांगते. त्याच कायद्याच्या कलम ७१प्रमाणे अट न्याय्य आहे का हे न्यायालयाने स्वतःहून तपासायचे असते, मग प्रतिवादीने तो मुद्दा काढलेला असो वा नसो.

गाडी थांबली म्हणजे पार्क झाली, असेही नाही. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायाधीशांनी अपिलात म्हटले की घराच्या दारापाशी सामान उतरवण्यासाठी थोडा वेळ थांबणे आणि गाडी लावून ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रहिवाशाच्या भाडेपट्ट्यात असलेला हक्क बाहेरची कंपनी फलक लावून काढून घेऊ शकत नाही, हाही त्या निकालाचा भाग होता. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी भाडेपट्टा काढून वाचा.

चालक आणि धारक

कंपनीला चालक माहीत नसेल आणि ती धारकाकडे पैसे मागत असेल, तर चौथ्या परिशिष्टातली प्रत्येक अट तिने पाळलेली असली पाहिजे. त्यात सगळ्यात उपयोगी आहे तारखांचा हिशेब. काचेवर काहीही न लावता केवळ कॅमेऱ्याच्या नोंदीवरून पत्र पाठवले असेल, तर गाडी तिथे असल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत ते धारकाच्या पत्त्यावर पोहोचले पाहिजे. पोस्टात टाकल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी ते पोहोचले असे धरतात. काचेवर नोटीस लावली असेल, तर धारकाला पाठवायचे पत्र त्यानंतरचे २८ दिवस संपल्यावर, पुढच्या २८ दिवसांत पोहोचायला हवे.

पत्रातला मजकूरही ठरलेला आहे. गाडी किती काळ लावलेली होती तो काळ त्यात हवा. चालकाचे नाव माहीत नाही हे म्हटलेले असावे. धारकाने पैसे भरावेत किंवा चालकाचे नाव आणि पत्ता कळवावा, अशी विनंती असावी. २८ दिवसांत तसे न झाल्यास धारकाकडून वसुलीचा हक्क येईल, हा इशाराही हवा. कॅमेरा गाडी आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ टिपतो. जागा शोधण्यात आणि बाहेर पडताना रांगेत गेलेली मिनिटे त्यात मोजली जातात, त्यामुळे ‘गाडी लावलेला काळ’ त्याहून कमी असतो. थोड्याशाच उशिराचा दावा असेल तर हा फरक निर्णायक ठरू शकतो.

विमानतळ आणि रेल्वेच्या जागांवर अनेकदा स्वतःचे वैधानिक उपविधी लागू असतात. अशी जागा या परिशिष्टाच्या कक्षेबाहेर राहते आणि धारकावर जबाबदारी टाकता येत नाही.

परिशिष्टातल्या अटी कंपनीने पाळल्या नसतील तर तिच्यापुढे चालकावर दावा लावण्याचा मार्ग उरतो, आणि चालक कोण ते तिने सिद्ध करायचे असते. खासगी कंपनीला चालकाचे नाव कळवण्याचे कायदेशीर बंधन धारकावर नाही. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे. गाडी तुम्हीच चालवत होतात आणि न्यायाधीशांनी विचारले, तर उत्तर खरेच द्या. लेखी कैफियतीखाली मजकूर सत्य असल्याचे निवेदन करून सही करावी लागते. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा न्यायालयाचा अवमान आहे. शंभर पौंडांसाठी तो धोका पत्करू नये.

आकडा कसा फुगतो

मूळ आकारणी बहुधा १०० पौंडांची असते. लवकर भरल्यास ती ६० होते. मग वसुली एजंटांची लाल अक्षरांतली पत्रे येऊ लागतात आणि ‘वसुली खर्च’ म्हणून ७० पौंड वाढतात. या एजंटांना घरात शिरण्याचा किंवा सामान उचलण्याचा कोणताही अधिकार नाही. दावा लागल्यावर न्यायालयाचे शुल्क ३५ पौंड आणि वकिलाचा ठरावीक खर्च ५० पौंड जोडला जातो. अशा रीतीने १०० पौंडांचे २५५ होतात, त्यावर व्याज वेगळे.

या ७० पौंडांना हरकत जरूर घ्या. चौथ्या परिशिष्टाचा चौथा परिच्छेद सांगतो की धारकाकडून घ्यायची कमाल रक्कम त्याला पाठवलेल्या पत्रात लिहिलेल्या रकमेएवढीच. शिवाय बीव्हिस निकालाप्रमाणे ८५ पौंडांची आकारणी हीच व्यवस्था चालवण्याचा खर्च भागवते. मग पत्रे पाठवण्याचा खर्च पुन्हा मागणे म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणे. या रकमेबाबत सगळे न्यायाधीश एकसारखे निर्णय देत नाहीत, तरीही अनेकांनी ती नाकारली आहे. म्हणजे दावा हरलात तरी ही हरकत तुमचे पैसे वाचवू शकते.

मुदती : इथेच बहुतेक जण हरतात

दाव्याआधी अपिलाची पायरी असते. आधी कंपनीकडे आणि तिने नाकारल्यास तिच्या संघटनेप्रमाणे पॉप्ला किंवा आयएएस या यंत्रणेकडे जाता येते. तिथला नकार तुमच्यावर बंधनकारक नसतो. न्यायालयात तुमची बाजू तशीच शाबूत राहते. गाडीचा क्रमांक यंत्रात टाकताना शून्याऐवजी ओ अक्षर दाबले गेले, अशी किरकोळ चूक असेल तर ती याच टप्प्यावर मिटते. म्हणून पैसे भरल्याची पावती जपून ठेवा.

पुढे ‘लेटर बिफोर क्लेम’, म्हणजे दाव्यापूर्वीची नोटीस येते. तिला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. थोडक्यात वाद आहे हे लिहा आणि कागद मागवा : फलकांचे फोटो, जमीनमालकाशी झालेला करार, धारकाला पाठवलेल्या पत्राची प्रत. ही नोटीस आली की दाव्याची तयारी सुरू झाली असे समजा. आणि घर बदलले असेल तर कंपनीला नवा पत्ता लेखी कळवा.

दावा नॉर्दॅम्प्टन इथल्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरमधून निघतो. फॉर्मवर ‘इश्यू डेट’ असते. त्यानंतर पाचव्या दिवशी तो तुम्हाला मिळाला असे धरले जाते. तिथून १४ दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्या मुदतीत ऑनलाइन पोच दिली, तर कैफियतीसाठी मुदत २८ दिवसांची होते. समजा, फॉर्मवर ३ मार्च आहे. तो ८ मार्चला मिळाला असे धरतील, पोच २२ मार्चपर्यंत द्यावी लागेल आणि कैफियत ५ एप्रिलपर्यंत पोहोचली पाहिजे.

मुदत चुकली की कंपनी एकतर्फी हुकूमनामा मागते आणि कोणीही पुरावा न तपासता तो निघतो. यालाच सीसीजे म्हणतात. महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर त्याची नोंद पुसली जाते. नाहीतर ती सहा वर्षे राहते आणि घराचे कर्ज, मोबाइलचा करार, भाड्याचे घर अशा प्रत्येक ठिकाणी आडवी येते.

लंडन, स्लाव, मिल्टन कीन्स, लेस्टर इथल्या मराठी घरांना हा धोका जास्त आहे, कारण भाड्याची घरे बदलत राहतात आणि डिसेंबरात किंवा उन्हाळ्यात माणसे महिना-दीड महिना पुण्या-मुंबईला येतात. घर बदलले की गाडीच्या नोंदणीतला आणि लायसन्सवरचा पत्ता लगेच बदला. परगावी जाताना पोस्ट उघडून फोटो पाठवणारा कोणीतरी ठेवा. दिवाणी निकाल म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, त्यामुळे व्हिसा जाईल या भीतीने गर्भगळीत होऊ नका. पण ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जात दिवाणी निकालांविषयी विचारणा असते, तेव्हा तो प्रश्न हलकाही समजू नका.

जुन्या पत्त्यावर दावा जाऊन निकाल लागल्याचे कळले, तर तो रद्द करण्यासाठी एन२४४ हा अर्ज तातडीने करा. बचावात तथ्य आहे आणि कळल्याबरोबर पावले उचलली, हे दोन्ही दाखवावे लागते. या अर्जाचे शुल्क मूळ आकारणीपेक्षा कितीतरी जास्त आहे, यावरूनच वेळेवर उत्तर देण्याचे मोल कळावे.

लेखी कैफियत

चांगली कैफियत दोन-तीन पानांत बसते. परिच्छेदांना क्रमांक द्या. दाव्यातली कोणती विधाने मान्य, कोणती अमान्य आणि कशाची माहिती नाही म्हणून सिद्ध करावी लागतील, हे क्रमाने लिहा. मग बचावाचे मुद्दे : करार का झाला नाही, अट का मोडली नाही, धारकाची जबाबदारी का येत नाही, वाढीव रक्कम का देय नाही.

दाव्याचा मजकूरही तपासा. असे दावे घाऊक संख्येने लागतात आणि ‘अटींचा भंग केला’ याखेरीज नेमके काय केले ते त्यात कित्येकदा नसते. २०२३ मध्ये ल्यूटनच्या काउंटी कोर्टात अपिलात न्यायाधीशांनी असा मोघम दावा फेटाळून लावला : कोणत्या कृतीने करार मोडला ते सांगितलेच पाहिजे, कारण ते कळल्याशिवाय प्रतिवादी उत्तर कशाचे देणार? काउंटी कोर्टाचा निकाल दुसऱ्या न्यायाधीशावर बंधनकारक नसतो, पण त्यातला तर्क पटण्याजोगा आहे.

कंपनी जमिनीची मालक नसते. दावा लावण्याचा अधिकार तिला जमीनमालकाकडून मिळाला आहे का आणि तो करार घटनेच्या दिवशी चालू होता का, याचा पुरावा मागा. अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे जास्त वेळ लागला असेल, तर ते स्पष्ट लिहा. अपंगांसाठीची ब्लू बॅज पार्किंग योजना खासगी जागेवर आपोआप लागू होत नाही, तरी २०१०चा इक्वालिटी अॅक्ट सेवा देणाऱ्यावर वाजवी सवलत देण्याचे बंधन घालतो.

इंटरनेटवरून उचललेली वीस पानांची कैफियत टाळा. त्यात तुमच्या जागेशी आणि तुमच्या दिवसाशी संबंध नसलेले परिच्छेद असतात, आणि खरा मुद्दा त्यांत बुडून जातो.

मध्यस्थी आणि सुनावणी

मे २०२४पासून अशा दाव्यांत मध्यस्थी सक्तीची झाली आहे. ठरलेल्या तासात मध्यस्थाचा फोन येतो. त्यासाठी शुल्क नाही. फोन घ्यायलाच हवा, तडजोड करायलाच हवी असे नाही. ‘मी काही देणे लागत नाही’ ही भूमिकाही तिथे मांडता येते.

तडजोड झाली नाही तर दावा तुमच्या घराजवळच्या काउंटी कोर्टात, स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या मार्गावर जातो. या टप्प्यावर कंपनीला सुनावणीचे शुल्क भरावे लागते, आणि नेमके तेव्हाच दावा मागे घेतला गेल्याची उदाहरणे आहेत. तसे झाले नाही तर तुमचे निवेदन, फोटो आणि कागद सहसा सुनावणीच्या चौदा दिवस आधी न्यायालयाला आणि दुसऱ्या बाजूला द्यायचे असतात. पानांना क्रमांक घाला. सुनावणीत ‘पान १२वरचा फोटो पाहावा’ असे म्हणता आले पाहिजे.

सुनावणी बहुधा एका लहान खोलीत, टेबलाभोवती होते. झगा नाही, कठडा नाही. समोर जिल्हा न्यायाधीश असतात, कंपनीकडून त्या दिवसापुरता नेमलेला वकील असतो. फलक पाहिला तो साक्षीदार अनेकदा हजरच नसतो आणि त्याच्या निवेदनावर प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही. ही उणीव न्यायाधीशांच्या नजरेस आणा. इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटत असेल तर तुमचे तीन मुद्दे कागदावर लिहून न्या आणि शांतपणे वाचा. अस्खलित बोलणाऱ्यापेक्षा तारखा नेमक्या सांगणारा माणूस न्यायाधीशांना जास्त उपयोगी पडतो.

हरलात तरी आभाळ कोसळत नाही. स्मॉल क्लेम्समध्ये समोरच्याचा वकिली खर्च, ठरावीक रकमांपलीकडे, तुमच्यावर येत नाही. गैरवाजवी वागणूक असेल तरच अपवाद. आणि निकालानंतर महिन्याच्या आत पैसे भरले तर नोंद राहत नाही. जिंकलात तर प्रवासखर्च आणि बुडालेला पगार ठरावीक मर्यादेपर्यंत मागता येतो.

अंकुश कोणाचा?

या उद्योगाला शिस्त लागावी म्हणून सर ग्रेग नाइट या खासदारांनी मांडलेले विधेयक २०१९ मध्ये पार्किंग कोड ऑफ प्रॅक्टिस अॅक्ट म्हणून मंजूर झाले. त्यानुसार सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता काढली. लंडनबाहेर बहुतेक आकारण्यांवर ५० पौंडांची मर्यादा येणार होती आणि वसुलीचा वाढीव खर्च बंद होणार होता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये संहिता मागे घेतली गेली. २०२४ मध्ये दोन्ही संघटनांनी स्वतःचीच संयुक्त संहिता आणली. तिच्यात मुदत संपल्यावर दहा मिनिटांची सवलत आहे, पण आकारणीचा आकडा तसाच राहिला. २०२५ मध्ये सरकारने पुन्हा जनतेची मते मागवली.

कायदा होऊनही सामान्य माणसाला त्याचे संरक्षण इतकी वर्षे मिळू नये, ही चीड आणणारी गोष्ट आहे. घाऊक दाव्यांचा हा व्यवहार एका अंदाजावर चालतो : बहुतेक माणसे घाबरून भरतील आणि उरलेली गप्प राहतील. गप्प राहिलेल्यांविरुद्ध निकाल मिळवायला पुरावा लागत नाही, म्हणून मोघम दावे लावणे परवडते. ज्याने खरोखर ठळक फलकाखाली तासभर जास्त गाडी ठेवली, त्याने मूळ रक्कम भरून विषय संपवावा, हेच शहाणपणाचे. पण ज्याला फलक दिसला नाही, ज्याचे पत्र मुदतीनंतर आले, ज्याने पैसे भरले आणि क्रमांकात एक अक्षर चुकले, त्याने उत्तर द्यावे. अशी प्रत्येक कैफियत कंपनीला कागद काढायला, शुल्क भरायला आणि न्यायाधीशांसमोर उभे राहायला भाग पाडते. सरकारची संहिता येईपर्यंत या व्यवहारावर एवढाच अंकुश आहे, आणि तो नागरिकांच्या हातात आहे.